किल्लारीचा भूकंप, एक मोबाइल आणि शाळेची लायब्ररी: लेकरांना माहिती तपासायला कसं शिकवायचं

मागच्या वर्षी आमच्या नववीच्या लेकरांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपावर प्रकल्प केले, आणि सगळ्या वह्या लायब्ररीत माझ्या टेबलावर आल्या. मी सहज म्हणून मृतांचा आकडा कुणी काय लिहिलाय ते बघत गेले, तर एकीत ७,९२८, दुसरीत ९,७४८, तिसरीत १० हजार आणि एकानं चक्क ३० हजार लिहिलेले (त्यानं जखमींचा आकडा उचलला होता). तारीख कुणी २९ सप्टेंबर टाकली कुणी ३०. तीव्रता ६.२, ६.३, ६.४ काय वाटेल ती. आणि शेवटच्या पानावर संदर्भ म्हणून सगळ्यांनी एकच शब्द लिहिलेला, गुगल.

ही लेकरं औसा तालुक्याच्या आसपासची. यांच्या घरात त्या रात्री ढिगाऱ्यातून माणसं काढलेले आजोबा बसलेत. तरी आकडा मोबाइलवरून, तोही पहिला दिसला तो. मला खरंच वाईट वाटलं, आणि त्यात लेकरांची चूक नव्हती, संदर्भ म्हणजे काय हे त्यांना आम्ही कुणी शिकवलंच नव्हतं. गुगल हा संदर्भ कसा होईल? कुणी विचारलं हे कशात वाचलंस आणि आपण म्हणलो कपाटात, तसं झालं ते. कपाटातल्या कुठल्या पुस्तकात, कुणी लिहिलेल्या, कधीच्या, ते सांगितलं तर संदर्भ.

तेव्हापासून मी लायब्ररीच्या तासाला हे शिकवायलेय आणि ज्यांच्याकडं शाळेच्या लायब्ररीचा चार्ज आहे (बऱ्याच शाळांत वेगळा ग्रंथपाल नाही, भाषेच्या नाहीतर इतिहासाच्या सरांकडंच चावी असते) त्यांच्यासाठी सगळं इथं लिहून ठेवते.

सामान काय लागतं

तुमचा एक स्मार्टफोन आणि फळा. बास. शाळेत स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर असला तर फोन त्याला जोडा म्हणजे सगळ्या वर्गाला दिसतं, नसला तर पाच-पाच लेकरांचे गट करून फोन फिरवा आणि जे सापडलं ते एकानं फळ्यावर लिहायचं. कॉम्प्युटर लॅब चालू होईल मग बघू म्हणून थांबू नका, आमची लॅब मी आल्यापासून दोनदा बंद पडून चालू झाली. मला साधारण सात तास लागतात, आठवड्याला एक.

पहिला तास फोन खिशातच ठेवायचा

आधी प्रश्न. लेकरू म्हणतं "भूकंपाची माहिती पाहिजे". तसं नाही चालत, कशाची माहिती? किल्लारीत एवढी माणसं कामून गेली, हा प्रश्न. तो फळ्यावर लिहायचा आणि त्यातले कामाचे शब्द लेकरांकडूनच काढून घ्यायचे: किल्लारी, १९९३, भूकंप, घरं, दगड-मातीच्या भिंती, मृत्यू. मग प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द कोणता, जसं घराला माळवद (सपाट मातीचं छप्पर असलेलं घर), भूकंपाला धरणीकंप, आणि प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग.

आता इथं मराठवाड्याची खास गोष्ट येते, आपल्याकडं जागांची नावं आणि जिल्ह्यांच्या हद्दी इतक्या बदलल्यात की एकाच नावानं शोधलं तर अर्धी माहिती हातीच लागत नाही. धाराशिव टाकलं तर नवीन बातम्या येतात, जुनं सगळं उस्मानाबाद नावाखाली. छत्रपती संभाजीनगरचं तसंच, २०२३ च्या आधीचं बहुतेक सगळं औरंगाबाद म्हणून आहे. निजामाच्या काळातलं अंबाजोगाईचं काही पाहिजे तर मोमिनाबाद टाकावं लागतं. जिल्ह्यांचंही बघा, जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा, म्हणजे जुन्या गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ) लातूर शोधायचं तर उस्मानाबादचा खंड उघडायचा आणि हिंगोली शोधायचं तर परभणीचा. आणि १९५६ च्या आधी अख्खा मराठवाडाच हैदराबाद राज्यात, त्यामुळं मुक्तिसंग्रामावर शोधताना हैदराबाद हा शब्द टाकल्याशिवाय गत नाही. किल्लारीच्या बाबतीत सुद्धा हेच, सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे पण १९९३ च्या बातम्यांत ते उमरगा तालुक्यात सापडतं.

मी लेकरांना घरी पाठवते तेव्हा एकच काम देते, आजी-आजोबांना विचारून आपल्या भागातल्या पाच जागांची जुनी नावं आणा. येतात की नाही बघा, माझ्याकडं आता एक पूर्ण वही झालीय, ती लायब्ररीतच ठेवलीय आणि शोधायला बसताना लेकरं तीच आधी उघडतात.

दुसरा तास, शोधायचं कसं

तीन युक्त्या पुरतात, जास्त शिकवल्या की लेकरं गोंधळतात. एक, दोन-तीन शब्द एकत्रच पाहिजेत तर ते अवतरणचिन्हात टाकायचे. दोन, नको असलेल्या शब्दाच्या आधी जागा न सोडता वजाचं चिन्ह. तीन, आणि ही सगळ्यात कामाची, इंग्रजी अक्षरात साइट लिहायचं, लगेच कोलन आणि त्याला चिकटून जीओव्ही डॉट इन (site:gov.in), म्हणजे सरकारी वेबसाइटवरचंच येतं. एकदा किल्लारी नुसतं शोधून दाखवा आणि एकदा असं करून, दोन्ही यादीतली पहिली पाच नावं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, वर्गाला जास्त सांगावं लागत नाही.

मराठी टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायचं, आता बरंच नीट ओळखतं, पण गावांची नावं चुकतात, ती तपासून घ्यायची.

अजून एक अडचण कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याच वेळा युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-कॉम्प्युटरला सारखीच कळणारी अक्षरं) नसतात, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नाहीतर नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, त्यामुळं त्यातला मजकूर शोधात येतच नाही. लेकरू म्हणतं नेटवर नाहीच. नेटवर असतं पण शोधता येत नाही, तिथं अनुक्रमणिका उघडून बोटानं खाली-खाली जावं लागतं, पुस्तकात जातो तसं. दर्शनिका विभागाची (राज्य सरकारचा गॅझेटिअर काढणारा विभाग) गॅझेटिअर अशीच बघायची सवय लावा.

तिसरा तास आकड्यांचा, आणि हाच खरा

यासाठी घाई करू नका, दोन तास गेले तरी जाऊ द्या.

फळ्यावर चार रकाने पाडायचे: आकडा, कुणी सांगितला, कधी सांगितला, कशावरून. आणि वह्यांमधले सगळे वेगवेगळे आकडे त्यात भरायचे. कुणाचा बरोबर ते अजिबात सांगायचं नाही. प्रत्येक गटानं आपला आकडा जिथून घेतला ते पान परत शोधून आणायचं. निम्म्या लेकरांना ते सापडत नाही, तो पहिला धडा, की घेतलं तिथलं नाव तेव्हाच लिहून ठेवायचं.

मग जे सापडतात त्यातून गंमत उघडते. ९,७४८ आणि ३० हजार जखमी हे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या यादीत सापडतं. ७,९२८ हा सरकारी आकडा म्हणून बऱ्याच लेखांत आहे. १० हजार हा ठोकळ आकडा, बातम्या आणि भाषणांतून आलेला. म्हणजे तिघंही खोटं बोलत नाहीत, मोजणारे वेगळे, मोजण्याची वेळ वेगळी. लेकरांना हे पचायला जड जातं कारण त्यांना वाटतं बरोबर उत्तर एकच असतं, गाइडात असतं तसं. मी त्यांना वाक्यच लिहायला लावते, "अमुक संस्थेच्या नोंदीनुसार मृतांचा आकडा इतका, तर अमुक लेखानुसार इतका." एवढं वाक्य नववीच्या लेकरानं स्वतःच्या हातानं लिहिलं की मला माझं काम झाल्यासारखं वाटतं.

तीव्रतेचंही तेच, वेगवेगळ्या संस्था वेगवेगळ्या मापानं मोजतात म्हणून कुठं ६.२ येतो कुठं ६.४. विज्ञानाच्या सरांना त्या तासाला बोलवा.

तारखेचं तर मला लै आवडतं. एका गटाला परदेशी नोंदीत २९ सप्टेंबर सापडलं आणि ते आपली आजी म्हणते ३० तारीख म्हणून भांडायला लागले. त्या नोंदीत वेळ २२ वाजून २५ मिनिटं आणि वर काही सेकंद अशी होती, आणि खाली बारीक अक्षरात यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, असं लिहिलेलं. आपली वेळ साडेपाच तास पुढं. पोरांनी वहीत बेरीज केली, उत्तर आलं ३० सप्टेंबर पहाटे ३:५५ आणि वर ते सेकंद, म्हणून कुठं ३:५६ पण लिहितात. आजीही बरोबर आणि नोंदही बरोबर. गणिताच्या तासात कधी न बोलणारा पोरगा त्या दिवशी फळ्यावर आला होता.

पान न वाचता पानाबाहेर बघायचं

मोठी माणसं सुद्धा काय करतात, वेबसाइट दिसायला चांगली आहे, भाषा शुद्ध आहे, म्हणजे खरी असेल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी बघितलं की पेशानं बातम्या तपासणारे लोक त्या पानावर रेंगाळतच नाहीत, लगेच दुसरी टॅब उघडून या वेबसाइटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघतात. हे शिकवायला फोनवर सोपं आहे. अनोळखी वेबसाइट दिसली की तिचं नाव नव्या टॅबमध्ये टाकायचं, ती कुणाची, काय विकते, आधी काय छापलंय, दोन मिनिटांत कळतं. घड्याळ लावून करा, गटागटात चुरस लागते.

विकिपीडिया वापरू नका असं मी लेकरांना सांगत नाही, तो कसा वापरायचा ते दाखवते. मराठी विकिपीडियावर कुठलाही लेख उघडा, त्याचा इतिहास उघडा, कुणी कधी काय बदललं सगळं दिसतं, चर्चा पान उघडा, कधीकधी तिथं भांडणं पण असतात. मग खाली संदर्भाची यादी, आणि तिथून मूळ ठिकाणी जायचं. ज्या लेखाखाली संदर्भच नाहीत त्याचं काय करायचं ते लेकरं स्वतःच सांगतात. सोबत मराठी विश्वकोश उघडा, तोही नेटवर फुकट आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, त्यातल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. एकच विषय दोन्हीकडं वाचायला द्या. आमची सहल संभाजीनगरला जायची होती तेव्हा बीबी का मकबरा दिला होता, काही ठिकाणी औरंगजेबानं बांधला असं सापडलं, काही ठिकाणी त्याचा मुलगा आझमशहानं आईसाठी बांधला असं, तर सहलीतल्या गाइडला लेकरांनी एवढे प्रश्न विचारले की तो बिचारा हात जोडायचा राहिला. पण चिडला नाही, उलट शेवटी त्यानंच दोघांचा संबंध नीट समजावून सांगितला.

फोटो आणि फॉरवर्ड

एका पोरीनं प्रकल्पात किल्लारीचा म्हणून चिकटवलेला रंगीत फोटो गुगल लेन्सनं तपासला तर तो २००१ च्या भुजच्या भूकंपाचा निघाला. कसं करायचं: फोटोवर बोट दाबून ठेवा, लेन्सनं शोधायचा पर्याय येतो, मग तोच फोटो अजून कुठं-कुठं आहे ते बघायचं, त्यात सगळ्यात जुनी तारीख कोणती ते शोधायचं. टिनआय नावाची वेबसाइट आहे तिच्यात तर सगळ्यात जुना फोटो आधी दाखव असं सांगता येतं. तपासताना फोटोत पण नीट बघा म्हणावं, पाट्यांची भाषा, गाडीचा नंबर, बायकांची लुगडी, हे लेकरांना आपल्यापेक्षा लवकर दिसतं.

फॉरवर्डसाठी आमच्याकडचंच उदाहरण घ्या. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, आणि दुपारपर्यंत आमच्या भागातल्या ग्रुपवर मेसेज, आज रात्री १२ ला मोठा भूकंप येणार, नासानं सांगितलंय, झोपू नका. १९९३ सोसलेल्या घरांत असा मेसेज गेला तर काय होतं सांगायला नको, म्हातारी माणसं अंगणात बाजा टाकून बसली. मी दुसऱ्या दिवशी तो मेसेज वाचून दाखवला आणि चार प्रश्न विचारले. वर दोन बाण आहेत का, म्हणजे तो लै वेळा फिरून आलाय. कुणाचं नाव आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर ते आहे का. तारीख आहे का, नुसतं आज असलं तर ते रोजच आज असतं. आणि मुळात असं शक्य आहे का, तर अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप येईल हे जगात कुठल्याच संस्थेला आज सांगता येत नाही. धक्का येऊन गेल्यावर मात्र राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या वेबसाइटवर वेळ, जागा, खोली सगळं मिळतं. केंद्र सरकारच्या गोष्टींसाठी पीआयबी (केंद्राचं माहिती कार्यालय) फॅक्ट चेक बघायचं. पाऊस आणि कीड यावरचे फॉरवर्ड असतील तर हवामान खात्याची वेबसाइट आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला. कापसाच्या बोंडअळीवर कुठलं तरी औषध सांगणारा मेसेज एका पोरानं असाच तपासून बापाला फवारणीपासून थांबवलं, हे त्याच्या आईनं मला बाजारात भेटल्यावर सांगितलं.

घरी मोठ्यांचा मेसेज खोटा निघाला तर चारचौघात म्हणू नकोस, हेही शिकवावं लागतं. "काका, हे मी शाळेत तपासलं, असं-असं निघालं" एवढंच, आणि एकट्याला.

एआय चॅटबॉट

लेकरं वापरतातच, म्हणून लायब्ररीतच समोर वापरायचं. मी आमच्या गावातल्या मुक्तिसंग्रामातल्या माणसांची नावं विचारली, त्यानं धडाधड सात नावं दिली, वर पुस्तकांची नावं पण. उत्तर प्रिंट काढून वाटलं आणि प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायला लावली, दुसरीकडं सापडलं तर हिरवी, वेगळं निघालं तर लाल, कुठंच नाही तर निळी. पान निळंच झालं. पुस्तकं तर कुठल्याच यादीत नव्हती. शोधायला शब्द सुचव, हा उतारा सोपा करून दे, एवढ्यासाठी ते बरं आहे असं मी सांगते, संदर्भात त्याचं नाव चालणार नाही.

नेट नसलं तर

किविक्स नावाचं फुकट ॲप आहे, त्यात मराठी विकिपीडिया अख्खा उतरवून ठेवता येतो, तालुक्याला गेलात की चांगल्या नेटवर उतरवा आणि मग शाळेत नेटशिवाय चालतं, फोनच्या हॉटस्पॉटवरून दुसऱ्या फोनला पण देता येतं. फक्त ते उतरवलं त्या दिवसाचं असतं, ती तारीख फळ्यावर लिहायची. आणि कपाटं उघडा हो! आमच्याकडं विश्वकोशाचे खंड कुलपात होते, धूळ पुसून खाली टेबलावर ठेवले तेव्हापासून त्यांची पानं मळायला लागलीत, मला त्याचा आनंद आहे.

दाखल नोंदवही (लायब्ररीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) गुगल शीटमध्ये उतरवायचं काम आठवीला दिलं होतं, दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय, वर्ष. वर्ष लिहिताना त्यांना कळलं की आमचं एक विज्ञानाचं पुस्तक प्लूटोला अजून ग्रह म्हणतंय. २००६ नंतर तो ग्रहांच्या यादीत नाही. पुस्तक पण तपासावं लागतं हे मला तोंडानं सांगावं लागलंच नाही.

आजोबांना विचारताना

शेवटचा तास रेकॉर्डरचा. फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर घ्यायचा, सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, आणि त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात. काही माणसांना बोलायचं नसतं, त्या रात्री घरातली चार-चार माणसं गेलीत, तर परत विचारायचं नाही, पाणी द्यायचं आणि बसायचं. रेकॉर्डिंग स्टेटसला टाकायचं नाही म्हणजे नाही. ही मुलाखत संदर्भात लिहायची, "आजोबा, वय, गाव, मुलाखतीची तारीख", पुस्तकाच्या शेजारी त्याच मानानं. आणि त्यालाही तेच चार रकाने लावायचे, कुठलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि कुठलं ऐकलेलं. एका आजोबांनी सांगितलं, गणपती विसर्जनाची रात्र, सगळे दमून झोपलेले, आणि वर माळवदाची हातभर माती. फळ्यावरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळालं, आणि मग त्याच लेकरांनी ते अहवालात शोधून जुळवून बघितलं.

लेकरांना किती कळलं ते तपासायला प्लिकर्स नावाचं ॲप वापरते, लेकरांच्या हातात कागदी कार्ड आणि फोन फक्त माझ्याकडं, चार मेसेज दाखवून खरं-खोटं-अर्धवट-कळत नाही विचारायचं. कळत नाही हे उत्तर देणाऱ्याचे मार्क कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी लेकरू अंदाजानं काहीतरी ठोकून देतं.

वेळेचं सांगायचं तर मी १२ ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन असतो त्या आठवड्यात सुरू करते. म्हणजे १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनापर्यंत शोधणं आणि तपासणं होतं, भाषणाला उभं राहणारी लेकरं आपापलं भाषण लायब्ररीत आणून तपासून घेतात, आणि ३० सप्टेंबरला भूकंपाचे प्रकल्प टेबलावर येतात. यंदाच्या वह्यांना मी दाखल क्रमांक देणार आहे, पुढच्या नववीला त्या वाचायला मिळतील आणि त्यातल्या चुका काढायलाही.